हातचा कुठे गेला?

३०४ वजा १६८. प्राथमिक शाळेच्या वहीतलं साधं गणित, उत्तर १३६. समजा, एकाच वर्गातल्या तीन मुलांची उत्तरं अशी आली: २६४, २३६ आणि १६६. तिन्ही वह्यांवर सारखीच लाल फुली पडते, तिघांनाही शून्य गुण मिळतात आणि तिघांच्या घरी एकच निरोप जातो: वजाबाकीचा सराव घ्या.

आता वह्या जरा जवळून बघू. पहिल्याने हातचा घेतलेलाच नाही. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढला: आठातून चार गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, तिनातून एक गेला दोन. 'लहानातून मोठा जात नाही' हे त्याने ऐकलंय आणि इमानाने पाळलंय. वरचा आकडा कुठला आणि खालचा कुठला, एवढंच निसटलं. दुसऱ्याला हातचा माहीत आहे. त्याने एककाच्या घरात चौदा केले, चौदातून आठ गेले सहा. दशकाच्या घरात शून्य होतं, त्याचे नऊ केले, कारण शून्याचे नऊ होतात हे त्याला आठवतं. ते नऊ आले कुठून, हे मात्र सुटलं आणि शतकाचा तीन तसाच राहिला. तिसऱ्याने शून्य ओलांडून थेट शतकाकडून हातचा आणला, तिनाचे दोन केले आणि 'शून्यातून सहा' पाशी अडल्यावर सहाच लिहून मोकळा झाला.

तिघांनाही 'सराव' सांगितला, तर पहिला मुलगा नेमका कशाचा सराव करेल? मोठ्यातून लहान काढण्याचा. वीस गणितं सोडवेल, वीसही चुकतील आणि त्याची चुकीची रीत आणखी पक्की होईल. शिकवणाऱ्या यंत्रांवर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, त्याच्या मुळाशी मला ही एवढीशी वजाबाकी दिसते. उत्तर चूक आहे हे कोणीही सांगेल. मूल काय करत होतं, हे सांगणं अवघड आहे.

१९७८ साली अमेरिकेत केंब्रिजला जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी वजाबाकीतल्या अशा चुकीच्या रीतींची यादीच केली. निकाराग्वातल्या १,३२५ शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांच्या कामात होत्या. वजाबाकीचे बारीक-बारीक तुकडे पाडायचे, त्यातला एखादा तुकडा मुद्दाम बिघडवायचा आणि त्या बिघडलेल्या रीतीने कोणतं उत्तर येतं ते संगणकाकडून काढून घ्यायचं. मग मुलाचं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. निष्काळजीपणा म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी चुका मुलं अत्यंत काळजीपूर्वक, नियमाने करत होती, हे त्यातून पुढे आलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही पहिल्या आठवड्यात शिकवावी इतकी ही गोष्ट मोलाची आहे.

त्यात एक व्यावहारिक धडाही आहे. ५२४ वजा १८७ हे गणित दिलं, तर पहिला मुलगा ४६३ लिहील आणि पकडला जाईल. दुसरा आणि तिसरा मात्र ३३७ असं अचूक उत्तर लिहून पुढे जातील, कारण त्यांची अडचण शून्यापाशी आहे आणि या गणितात वरच्या ओळीत शून्यच नाही. चाचणीतली दहाच्या दहा गणितं अशी निघाली, तर त्या दोघांना पैकीच्या पैकी मिळतील. प्रश्नपत्रिका काढणं हे म्हणूनच निदानाचं काम आहे.

पण निदान झालं की रोग बरा होतो, असंही नाही. मुलांच्या चुकीच्या रीती स्थिर नसतात. सोमवारी एका प्रकारे चुकणारं मूल गुरुवारी वेगळ्या प्रकारे चुकतं, कारण अडलं की ते तात्पुरती डागडुजी करतं आणि दर वेळी हाताला लागेल ते ठिगळ लावतं. १९८९ मध्ये डेरेक स्लीमन आणि सहकाऱ्यांनी बीजगणितात असं तपासलं की, 'तुझं नेमकं इथे चुकतंय' असं दाखवून शिकवलं काय किंवा सरळ योग्य रीत पुन्हा शिकवली काय, फरक किती पडतो. पुन्हा शिकवणंही तितकंच उपयोगी ठरलं. चुकांचा संग्रह करण्यात रमलेल्यांना हा धक्का होता. माझ्या मते तो फार चांगल्या वेळी बसला, कारण चूक कुठली यापेक्षा कुठली पायरी अजून घडलेली नाही, हे शोधण्याकडे त्यानंतर जास्त लक्ष गेलं.

त्या पायरीचा सगळ्यात चिकाटीने पाठपुरावा झाला तो पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात. जॉन अँडरसन हे मानसशास्त्रज्ञ. माणसाचं कौशल्य म्हणजे 'अमुक दिसलं तर तमुक कर' अशा असंख्य छोट्या नियमांचा साठा, असा त्यांचा सिद्धांत. तो खरा की खोटा हे बघायला त्यांनी १९८०च्या दशकात लिस्प ही संगणकभाषा शिकवणारा कार्यक्रम बांधला. विद्यार्थी एकेक तुकडा लिहीत जाई, कार्यक्रम प्रत्येक तुकडा आपल्याजवळच्या नियमांशी जुळवून बघे आणि पाऊल वाकडं पडलं की तिथल्या तिथे सांगे.

त्यातून निघालेला एक आलेख मला या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर पुरावा वाटतो. आडव्या अक्षावर स्वाध्यायाचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर चुका मांडल्या, तर रेघ वेडीवाकडी येते. कधी चुका कमी, पुढच्याच स्वाध्यायात भरमसाट, मग पुन्हा कमी. बघणाऱ्याला वाटेल, ही मुलं काही शिकतच नाहीत. आता तीच माहिती नियमानुसार वेगळी करा. प्रत्येक नियम पहिल्यांदा वापरायची वेळ आली तेव्हा किती चुका, दुसऱ्यांदा किती, तिसऱ्यांदा किती. रेघ एकदम शहाणी होते: पहिल्या खेपेकडून दुसऱ्या खेपेकडे मोठी घसरण, मग हळूहळू उतार. मध्येच एखाद्या स्वाध्यायात चुका वाढल्या, कारण त्यात नवे नियम पहिल्यांदाच आले होते. माणूस 'धडा' शिकत नाही, धड्यातले बारीक तुकडे एकेक करून शिकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

मग खरं काम उरतं ते तुकडे पाडण्याचं, आणि इथे जाणकार माणसंच सगळ्यात जास्त चुकतात. भूमितीतलं उदाहरण घेऊ. १० सेंमी बाजूचा चौरसाकृती पत्रा, त्यातून मावेल तेवढं मोठं वर्तुळ कापून काढलं. उरलेला पत्रा किती? चौरस १०० चौसेमी, ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ ७८.५ चौसेमी, उरले २१.५. यात कौशल्यं किती, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील तीन: चौरसाचं सूत्र, वर्तुळाचं सूत्र, वजाबाकी. केनेथ केडिंगर आणि जॉन स्टॅम्पर यांनी पिट्सबर्गच्या भूमिती शिकवणाऱ्या यंत्रातल्या नोंदी उपसल्या, तेव्हा सूत्रांच्या रेघा नीट खाली येत होत्या. आकृत्या जोडून-वजा करून क्षेत्रफळ काढण्याची रेघ मात्र खाली येईना. काही प्रश्नांत पडद्यावर मधल्या क्षेत्रफळांसाठी आधीच रकाने आखलेले असत. ते प्रश्न मुलांना जमत. रकाने नसले की तीच मुलं अडकत. म्हणजे एक चौथं कौशल्य होतं, जे कोणाच्याच यादीत नव्हतं: काहीही मोजण्याआधी 'मला आधी हे दोन आकार वेगळे काढावे लागतील' हे ठरवणं. जाणकार ते पापणी लवायच्या आत करतो, म्हणून ते त्याला दिसत नाही. नेमक्या त्या नियोजनाचे वेगळे प्रश्न घालून शिकवणी बदलली, तेव्हा मुलांना प्रभुत्वापर्यंत पोचायला २५ टक्के कमी वेळ लागला आणि अवघड प्रश्नही जास्त चांगले सुटले.

असंच आणखी एक उदाहरण. केडिंगर आणि मिचेल नेथन यांनी २००४ साली मांडलेलं हे काम आपल्याकडच्या प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. एकच गणित तीन रूपांत दिलं. एका वेटरच्या कमाईची गोष्ट: ताशी मजुरी गुणिले सहा तास, अधिक ६६ डॉलर बक्षिसी, एकूण ८१.९० डॉलर, तर ताशी मजुरी किती? दुसरं रूप तेच, पण गोष्ट काढून: एका संख्येला ६ ने गुणून ६६ मिळवले तर ८१.९० येतात. तिसरं नुसतं समीकरण. शाब्दिक उदाहरणं मुलांना जड जातात हे आपण गृहीतच धरतो. तिथल्या शिक्षकांचाही अंदाज हाच होता. प्रत्यक्षात गोष्टीचं गणित ६६ टक्के बरोबर आलं, शब्दांतलं ६२ टक्के आणि समीकरण फक्त ४३ टक्के.

वह्या बघितल्यावर कारण कळतं. गोष्ट वाचून मूल उलटं चालत जातं: ८१.९० मधून बक्षिसी काढली, उरलेल्याला सहाने भागलं, २.६५ आले. क्ष मांडायची गरजच पडत नाही. समीकरण मात्र आधी वाचता यावं लागतं, आणि बीजगणिताची चिन्हं ही एक भाषा आहे, हे ती अस्खलित बोलणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. गणित अवघड होत गेलं, अज्ञात राशी दोन्ही बाजूंना आली की पारडं फिरतं आणि तिथे समीकरणच सोपं पडतं. म्हणून 'आधी समीकरणं घोटा, शाब्दिक उदाहरणं शेवटी' हा पाठ्यपुस्तकी क्रम निदान सुरुवातीच्या धड्यांपुरता उलटा करून बघायला हवा.

तुकडे पाडून झाले की पुढचा प्रश्न: एखादा तुकडा मुलाला आला, हे यंत्राने कधी म्हणायचं? अल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९५ मध्ये यासाठी जो हिशेब मांडला, तो कागदावर करता येतो. चार आकडे लागतात. मुलाला हे आधीपासून येत असण्याची शक्यता, समजा ०.३०. एका प्रयत्नात ते शिकण्याची शक्यता, ०.२०. येत नसताना अंदाजपंचे बरोबर येण्याची, ०.२०. आणि येत असून हात चुकण्याची, ०.१०.

पहिलं उत्तर बरोबर आलं. हे दोन प्रकारे घडू शकतं: येत होतं आणि हात चुकला नाही (०.३० × ०.९० = ०.२७), किंवा येत नव्हतं आणि अंदाज लागला (०.७० × ०.२० = ०.१४). ०.२७ ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे ०.४१ ने भागलं की ०.६६ येतात. उरलेल्या ०.३४ मध्ये या प्रयत्नातच शिकण्याची शक्यता (०.३४ × ०.२० = ०.०७) मिळवली की ०.७३. दुसरंही बरोबर, ०.९४. तिसरंही बरोबर, ०.९९. रूढ उंबरठा ०.९५ चा आहे, तो ओलांडला, पुढच्या कौशल्याकडे चला. पण तिसरं उत्तर चुकलं असतं, तर ०.९४ वरून घसरून ०.७२ झाले असते आणि यंत्राने आणखी उदाहरणं दिली असती.

हा हिशेब फसतो कुठे, तेही सांगायला हवं. हो-नाही छापाचा प्रश्न असेल तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ०.५० असते. तिथे ०.२० धरले, तर काहीच न येणारी मुलं भराभर 'पास' होतात. हात चुकण्याचा आणि अंदाज लागण्याचा आकडा मिळून १ च्या वर गेले, तर हिशेबाचा अर्थच उलटतो: बरोबर उत्तर म्हणजे येत नसल्याची खूण होऊन बसते. आणि एक जास्त दुखरी गोष्ट. उंबरठा कधीच न ओलांडणाऱ्या मुलाला यंत्र त्याच जातीची उदाहरणं देत राहतं. चिखलात रुतलेलं चाक जागच्या जागी फिरावं, तसं. जोसेफ बेक आणि यू गाँग यांनी २०१३ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: दहा प्रयत्नांत जमलं नाही, तर अकरावं उदाहरण देणं हा इलाज नाही. तिथे माणूस यायला हवा, किंवा एखादी पायरी मागे जाऊन जुना तुकडा तपासायला हवा.

मदत किती द्यायची, यावर तर या क्षेत्रात अजूनही एकमत नाही. सूचना सहसा तीन-चार पायऱ्यांत असतात. पहिली नुसती दिशा दाखवते ('या कोनाबद्दल काय दिलंय?'), दुसरी नियम सांगते, शेवटची सरळ उत्तर देते. व्हिन्सेंट अलेव्हन आणि केडिंगर यांनी नोंदी पाहिल्या, तेव्हा मुलं मधल्या सूचनांवर न थांबता बटण दाबत थेट तळाला जात होती. रायन बेकर यांनी २००४ पासून या 'यंत्राला फसवून पुढे जाण्या'चा पाठलाग केला आणि असं करणारी मुलं खरोखर कमी शिकतात हे दाखवलं. त्यांनी पडद्यावर एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. मुलगा बटणं बडवायला लागला की ते नाराज होई आणि ज्या पायऱ्या त्याने चुकवल्या, नेमक्या त्यांवरचे जादा प्रश्न पुढे ठेवी.

पण शेवटची सूचना उघडणारं प्रत्येक मूल लबाड नसतं. २००८ मध्ये बेंजामिन शी, केडिंगर आणि रिचर्ड शाइन्स यांनी उत्तर दिसल्यानंतरचा वेळ मोजला. काही मुलं उत्तर उतरवून लगेच पुढे पळत. काही मात्र थांबत, आणि ती थांबणारी मुलं शिकत होती. त्यांच्यासाठी ती शेवटची सूचना म्हणजे सोडवून दाखवलेलं उदाहरण होतं, 'हे असं का आलं असेल' याचा विचार करायला दिलेलं. गाइड समोर ठेवून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे. गाइड उघडण्यात पाप नाही, त्यावर डोळा किती रेंगाळला हे महत्त्वाचं.

हे सगळं इतक्या कळकळीने लिहायचं ताजं कारण म्हणजे आता प्रत्येकाच्या खिशात उत्तर देणारं यंत्र आलंय. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार मुलांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना नेहमीसारखं गप्पा मारणारं यंत्र दिलं, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर कधीच यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाच्या यंत्राला उत्तर सांगायची बंदी होती. शिक्षकांनी आधीच लिहून दिलेल्या सूचना आणि नेहमीच्या चुका त्याच्याजवळ होत्या. त्या मुलांचं परीक्षेत असं नुकसान झालं नाही. तळाची सूचना एका बटणावर आणून ठेवली की काय होतं, हे पिट्सबर्गच्या नोंदींत वीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

आता एकूण उपयोग किती? १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी एकास-एक शिकवणीचा परिणाम वर्गाच्या तुलनेत दोन प्रमाण विचलनांइतका (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजायचं हे एकक) सांगितला आणि तो आकडा पुढे घोषणेसारखा वापरला गेला. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९ निघाला. प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचा ०.७६. आणि फक्त अंतिम उत्तर तपासणाऱ्या यंत्राचा ०.३१. शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर मला सगळ्यात बोलकं वाटतं. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, ती पद्धत म्हणूनच मला फार मोलाची वाटते, आणि पर्यायी उत्तरांवर टिक करून घेणाऱ्या परीक्षा वाढत चालल्या याची काळजीही वाटते.

शाळेत गेल्यावर हे आकडे खाली येतात. अमेरिकेच्या सात राज्यांतल्या १४७ शाळांत रँड या संशोधन संस्थेने पिट्सबर्गच्या बीजगणित-शिकवणीची पाहणी केली. पहिल्या वर्षी काहीच परिणाम दिसला नाही. दुसऱ्या वर्षी उच्च माध्यमिक शाळांत ०.२० एवढा दिसला. पहिल्याच वर्षाच्या निकालावर अशा योजना गुंडाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणक-शिकवणीच्या केंद्रांवर ६१९ मुलांचा अभ्यास झाला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची वाढ आढळली. तिथे सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत ती दरी साडेचार इयत्तांची झाली होती. वर्गात फळ्यावर नववीचं पुस्तक चालू असताना यंत्र त्यांना पाचवीचा अपूर्णांक शिकवत होतं.

आणि शिक्षकाचं काय होतं? पिट्सबर्गच्या एका शाळेत भूमितीचं यंत्र आल्यावर जॅनेट स्कोफील्ड यांनी वर्गात बसून निरीक्षण केलं. फळ्यासमोर शिकवताना शिक्षकाचं लक्ष साहजिकच हात वर करणाऱ्या हुशार मुलांकडे जात असे. यंत्रं आल्यावर हुशार मुलं आपापली पुढे सरकली आणि शिक्षक अडलेल्यांच्या बाकापाशी जास्त वेळ थांबू लागले.

त्या बाकापाशी थांबायला यंत्रच हवं असं नाही. २६४, २३६ आणि १६६ लिहिणाऱ्या त्या तिघांना उद्या ४०२ वजा १३९ हे गणित द्या. उत्तर २६३. आलं ३३७, तर हातच्यापासून सुरुवात. ३६३ आलं, तर सुट्ट्या काड्या, दहा-दहाच्या आणि शंभराच्या जुड्या हातात द्या, आणि शून्याचे नऊ होण्यासाठी शंभराची एक जुडी सोडावी लागते हे मुलालाच करून बघू द्या. २३३ आलं, तर जुड्या त्याच, पण मध्ये दशकाच्या घरी थांबायला सांगा: शंभराची जुडी सुटली की दहाच्या दहा जुड्या आधी तिथे येतात, मगच त्यातली एक एककाकडे जाते. आणि यातलं काहीच न येता चौथंच उत्तर आलं, तर फुली मारायच्या आधी मुलाला विचारा, 'कसं केलंस, मला सांग बरं.'